काळा बन आणि आपला रोडगा

वाशीमच्या सभेत स्कॉटलंडच्या केकवर बोलणार म्हटल्यावर तुमच्यातले काही जण हसले, ते मी पाहिलं. हसा. पण विषय शेवटी रोडग्यावरच येणार आहे.

स्कॉटलंडचा डंडी केक जास्त प्रसिद्ध, त्यावर बदामांची वर्तुळं मांडलेली असतात. मला मात्र 'ब्लॅक बन' महत्त्वाचा वाटतो. मनुका, बेदाणे, बदाम, संत्र्याच्या साली, आलं, दालचिनी, मिरी यांचं विटेसारखं घट्ट सारण आणि त्याभोवती पिठाची पारी. थोडक्यात, अवाढव्य करंजीच म्हणा ना! तो काही आठवडे आधी करून मुरवत ठेवतात. आता यातली मिरी आणि दालचिनी स्कॉटलंडची नव्हे. मग हा पदार्थ स्कॉटिश कशानं?

तो पूर्वी नाताळानंतरच्या बाराव्या रात्री खाल्ला जाई. १५६० मध्ये तिथे धर्मसुधारणा झाली. बायबलात आधार नाही म्हणून सुधारकांनी नाताळासकट असे सण मोडीत काढले. नाताळाची सार्वजनिक सुट्टी तिथे पुन्हा मिळाली ती थेट १९५८ साली! सण गेला, बन मात्र राहिला. तो ३१ डिसेंबरच्या रात्रीला जाऊन चिकटला. मध्यरात्रीनंतर जो पहिला पाहुणा उंबरा ओलांडतो, त्यानं कोळसा, व्हिस्की आणि हा बन आणायचा असतो.

त्याच शतकात आपल्याकडे एकनाथ होते. सासरच्यांच्या जाचातून सुटायला रोडग्याचा नवस बोलणारी सून त्यांच्या भारुडात आहे. म्हणजे रोडगा तेव्हाही नवसाचाच. जाडसर कणकेच्या पाऱ्या एकात एक घालून गोळा करायचा, गौऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचा, फोडून तूप ओतायचं, सोबत वरण आणि वांग्याची भाजी.

आज मात्र नवस नसतानाही शेतात रोडग्यांच्या पार्ट्या होतात. "देवाशिवाय कसला रोडगा?" असं मी वर्गात बऱ्याचदा म्हणालो आहे. ते विधान मी मागे घेतो. बननं देव गमावला नाही, तारीख बदलली, आणि दारात येणारा माणूस धरून ठेवला. पार्टीतही गौऱ्या रचायला, भाजी ढवळायला दहा हात लागतातच की. एकट्यासाठी कोणी रोडगा लावत नाही.

हां, हॉटेलात ताटात एकच रोडगा येतो, त्याचं काय? त्याला मी अजून रोडगा म्हणायला तयार नाही. त्यावर भांडायचं असेल तर चहाच्या वेळी या.