एचटीएमएल एडिटरची निवड : मराठी पानाची खरी कसोटी

वैराग (प्रतिनिधी) : संकेतस्थळ तयार करायचे म्हटले की पहिला प्रश्न सॉफ्टवेअरचा निघतो. बार्शी तालुक्यातील वैरागसारख्या बाजारपेठेच्या गावातही एखाद्या आडत दुकानाला, पतसंस्थेला किंवा शाळेला स्वतःचे पान हवे असते आणि ते करून देणारा तरुण बहुधा गावातच सापडतो. तो कोणता एडिटर वापरतो, ही त्याच्या सोयीची बाब वाटते. पण पानावरचे मराठी दहा वर्षांनी कोणाला वाचता येईल की नाही, हे पुष्कळदा त्या निवडीवरच ठरते.

‘एडिटर’ म्हटले की वृत्तपत्राच्या वाचकाला मजकुरावर कात्री चालवणारे संपादक आठवतात. संगणकावरचा एडिटर मात्र अगदी मुकाट असतो. त्याने आपल्या मजकुरात काय बदल केला, हे पान प्रसिद्ध होईपर्यंत कळतही नाही.

एचटीएमएल ही मजकुराला खुणा करण्याची पद्धत आहे. हे शीर्षक, हा परिच्छेद, हा दुवा अशा खुणा साध्या मजकुरातच लिहायच्या आणि ब्राउझरने त्या वाचून पान मांडायचे. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये तयार केलेला पहिला ब्राउझर हाच एडिटरही होता. वाचणे आणि लिहिणे एकाच खिडकीत. पुढे ही दोन कामे वेगळी झाली आणि एडिटरांचे दोन पंथ पडले. एका पंथात पान जसे दिसणार तसेच समोर ठेवून काम करायचे, खुणा एडिटर स्वतः लिहितो. दुसऱ्या पंथात खुणा स्वतःच्या हाताने लिहायच्या.

पहिल्या पंथातील फ्रंटपेज मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये विकत घेतले आणि ते गावोगावच्या संगणकवर्गांपर्यंत पोचले. त्याची २००३ ची आवृत्ती शेवटची ठरली. मॅक्रोमीडियाने १९९७ मध्ये आणलेले ड्रीमविव्हर २००५ मध्ये अॅडोबीकडे गेले. ते सशुल्क आहे. एन्व्हीयू हा मोफत पर्याय २००५ मध्ये पूर्ण रूपात आला आणि लवकरच मागे पडला. वर्डमधूनही वेबपान साठवता येते, पण चार ओळींच्या सूचनेमागे वर्ड स्वतःच्या खुणांची एवढी भर घालतो, की नंतर एक शब्द बदलायचा तरी तो शोधावा लागतो. वर्डमधून पान करणे शक्यतो टाळावेच.

दुसऱ्या पंथात विंडोजबरोबर येणारे नोटपॅड हे सर्वांत जुने साधन. डॉन हो यांचे मोफत नोटपॅड प्लस प्लस २००३ पासून उपलब्ध आहे आणि जुन्या, कमी स्मृतीच्या संगणकावरही ते सुरळीत चालते. मायक्रोसॉफ्टचा व्हिज्युअल स्टुडिओ कोड हा २०१५ मध्ये आलेला मोफत एडिटर अधिक समर्थ, पण तो चालवणारा संगणकही तसाच सशक्त लागतो. अॅडोबीने ब्रॅकेट्सचा पाठिंबा २०२१ मध्ये काढून घेतला. गिटहबचा अॅटम २०२२ मध्ये बंद झाला. ज्यांची पाने साध्या मजकुराच्या फायलींत होती, त्यांचे त्यामुळे काही बिघडले नाही. दुसरा एडिटर उघडला आणि काम पुढे सुरू. एडिटर बंद पडला तरी फाइल उघडली पाहिजे, एवढी अट आधीच घालून घ्यावी.

हे सर्व इंग्रजी पानांनाही लागू आहे. मराठीची अडचण याहून खोलवर आहे, आणि ती ‘वैराग’ हा एकच शब्द घेऊन तपासता येते.

युनिकोडमध्ये ‘वैराग’ हा पाच चिन्हांचा शब्द आहे : व, ऐकाराची मात्रा, र, काना आणि ग. यूटीएफ-८ या संकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणजे पूर्ण शब्द पंधरा बाइटांत मावतो. हाच शब्द जुन्या नोटपॅडमध्ये लिहून संकेतन न बदलता साठवला, तर ते ‘अॅन्सी’ पद्धत धरून चालत असे. एक इशारा येई. तो न वाचता होकार दिला की फाइलमध्ये उरत पाच प्रश्नचिन्हे. ती पुन्हा अक्षरे होत नाहीत. मूळ मजकूर दुसरीकडे नसेल तर तो गेलाच. विंडोज १० च्या २०१९ मधील सुधारणेपासून नोटपॅड आपणहून यूटीएफ-८ वापरते; त्याआधीच्या संगणकावर ही निवड दरवेळी हाताने करावी लागते.

तिसरी तऱ्हा आणखी फसवी. पानाचे संकेतन पाश्चात्त्य ठेवले, तर काही जुने एडिटर प्रत्येक अक्षराऐवजी त्याचा क्रमांक लिहीत. ‘व’चा क्रमांक २३५७. आगेमागे लागणारी चिन्हे धरली की एका अक्षराची सात चिन्हे आणि ‘वैराग’ची पस्तीस होतात. ब्राउझरमध्ये पान उत्तम दिसते. मात्र आडतीचा भाव बदलण्यासाठी कोणी फाइल उघडली, की समोर नुसते आकडे. ते पान पुढे कोण सांभाळणार?

म्हणून एडिटर निवडताना पहिली पाच मिनिटे एवढ्याच परीक्षेला द्यावीत. नव्या फाइलमध्ये ‘वैराग’ लिहून ती यूटीएफ-८ मध्ये साठवावी, बंद करावी, पुन्हा उघडावी, मग ब्राउझरमध्ये पाहावी. तिन्ही ठिकाणी शब्द शाबूत असेल तर एडिटर कामाचा. पानाच्या शीर्षभागात संकेतन यूटीएफ-८ असल्याची खूणही हवीच. साठवताना ‘बीओएम’विरहित पर्याय असल्यास तो घ्यावा, फाइलच्या आरंभी बसणारे ते तीन अदृश्य बाइट पीएचपीच्या पानांत नाहक गोंधळ घालतात.

भाषेची खूण बहुतेक जण विसरतात. पान मराठी आहे हे ‘एमआर’ या दोन अक्षरांनी सांगता येते. ल आणि श यांची मराठी वळणे हिंदीहून निराळी आहेत आणि राज्य शासनाच्या नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात ती ठरवून दिलेली आहेत. काही फॉण्टांत दोन्ही वळणे असतात. भाषेची खूण असेल तरच ब्राउझर मराठी वळण उचलतो. तयार खूण लावणारे एडिटर तिथे बहुधा इंग्रजीच लिहून ठेवतात, ते बदलावे.

आणि ‘ऱ्य’. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो : एक ऱ या स्वतंत्र अक्षराचा पाय मोडून, दुसरा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. दिसायला दोन्ही सारखे, शोधायला वेगळे. पानात ‘शेतकरी’ शब्दाची अनेकवचनी रूपे दोन्ही प्रकारांनी आली, तर एक प्रकार शोधणाऱ्याला दुसरा सापडेलच असे नाही. अदृश्य चिन्हे दाखवण्याची सोय असलेला एडिटर येथे उपयोगी पडतो.

जुनी पाने नव्याने करताना याची प्रचीती विशेष येते. मराठी संकेतस्थळे युनिकोडकडे वळण्यापूर्वी अनेकांचा मजकूर विशिष्ट फॉण्टांत साठवलेला असे. फाइलमध्ये प्रत्यक्षात रोमन अक्षरे व चिन्हे. त्यांना मराठी रूप देण्याचे काम फॉण्टचे. तो फॉण्ट नसेल तर पानभर निरर्थक जंजाळ उरते आणि शोधयंत्रालाही त्यात ‘वैराग’ दिसत नाही. अशी फाइल थेट एडिटरमध्ये उघडून दुरुस्त करू नये. आधी मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करावे, मूळ प्रत वेगळी ठेवावी. जुन्या फॉण्टांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहिली जाई, युनिकोडमध्ये ती नंतर येते. रफाराचे नेमके उलट. रूपांतर करणारी साधने याच जागी घसरतात. त्यामुळे वेलांटी, रफार आणि ऱ्य असलेले शब्द मुद्रितशोधकाच्या नजरेने एकेक करून तपासावे लागतात.