बालशाळेचा खर्च कोणीं द्यावा ?



मूल पहिलीच्या वर्गांत बसण्याआधींचीं जीं तीन वर्षें असतात, त्या वर्षांतील शिक्षणाचा खर्च कोणीं सोसावा, हा प्रश्न दिसावयास घरगुती आहे. परंतु त्याच्यामागें दोनशें वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे. आईबापांनीं सोसावा, कारखानदारानें सोसावा, घरमालकानें सोसावा, कीं सरकारनें सोसावा, या चारही उत्तरांचा प्रयोग जगाच्या पाठीवर कोठें ना कोठें होऊन गेलेला आहे. त्यांपैकीं कांहींची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे. मदत किती दिली यापेक्षां ती कोणाच्या हातांत आणि कोणत्या वाटेनें दिली, यावरच मूल शाळेंत पोंचलें कीं दाराबाहेर राहिलें हें बहुधा ठरत आलें आहे, असें माझें मत झालें आहे. तें श्रोत्यांनीं पुढील हकीकतींवर पारखून पाहावें.

स्कॉटलंडमध्यें क्लाइड नदीच्या कांठीं न्यू लॅनर्क नांवाचें गिरणीचें गांव आहे. तेथील सूतगिरणीचा चालक रॉबर्ट ओएन यानें १ जानेवारी १८१६ रोजीं कामगारांसाठीं व त्यांच्या मुलांसाठीं एक शिक्षणसंस्था उघडली. तींत अगदीं नुकतीं चालूं लागलेलीं मुलेंसुद्धां घेतलीं जात. या लहानग्यांना पुस्तकांचा जाच करावयाचा नाहीं, त्यांना खेळूं, गाऊं आणि नाचूं द्यावयाचें, असा ओएनचा दंडक होता. आतां याचा खर्च कसा भागे तें पाहा. गिरणीच्या मालकीचें एक दुकान गांवांत होतें. त्या काळीं पुष्कळ गिरणीवाले अशा दुकानांतून आपल्याच कामगारांना निकृष्ट माल चढ्या भावानें विकीत. ओएननें चांगला माल माफक दरानें ठेवला, आणि जो नफा उरे तो शाळेकडे लावला. म्हणजे कामगाराच्या पीठमिठाच्या पैशांतूनच त्याच्या पोराची शाळा चाले. पण तो पैसा देतांना त्याला फी म्हणून बोचत नसे. मूल शाळेंत सुरक्षित बसल्यामुळें आईला गिरणींत येतां येई, हा मालकाचाही लाभ होताच. ओएन परोपकारी होता, आणि तितकाच हिशेबीही होता.

याहूनही रोम शहराची हकीकत मला अधिक मनोरंजक वाटते. सान लोरेन्झो हा त्या शहरांतील अत्यंत दरिद्री भाग. तेथील चाळींतून गरिबांचीं कुटुंबें अक्षरशः कोंडलेलीं असत. एका बांधकाम-संस्थेनें अशा कांहीं इमारती घेऊन, त्या दुरुस्त करून, नीट संसार करणाऱ्या कुटुंबांना भाड्यानें दिल्या. एदुआर्दो तालामो हे त्या संस्थेचे प्रमुख. आईबाप सकाळीं कामाला गेले आणि थोरलीं भावंडें शाळेंत गेलीं, कीं मागें उरलेलीं लहान पोरें जिन्यांतून धुडगूस घालीत आणि नव्या रंगविलेल्या भिंती खरवडीत. तालामोंना असें दिसून आलें, कीं या नासाडीच्या डागडुजीवर जो पैसा जावयाचा, तोच खर्चून पोरांना त्याच इमारतींत एका खोलींत बसवितां येईल. हें काम त्यांनीं डॉ. मारिया माँटेसरी यांच्याकडे सोंपविलें, आणि ६ जानेवारी १९०७ रोजीं पहिलें बालगृह उघडलें. आरंभीं मुलें होतीं सुमारें पन्नास.

या बालगृहाचे नियम भिंतीवर लावलेले असत. आईबापांकडून एक पैसाही घ्यावयाचा नाहीं, हा त्यांतील महत्त्वाचा नियम. मात्र मूल वेळेवर, स्वच्छ अंगानें आणि स्वच्छ कपड्यानें पाठविलें पाहिजे. शिक्षिकेशीं आदरानें वागलें पाहिजे. आणि आईनें आठवड्यांतून निदान एकदां येऊन मुलाच्या घरच्या वागणुकीविषयीं शिक्षिकेशीं बोललें पाहिजे. शिक्षिका राहावयाची त्याच इमारतींत. हे नियम जो पाळणार नाहीं त्याचें मूल काढून टाकण्याची तरतूदही होती. ज्या घरांत पाणी जिन्यांवरून चढवून आणावयाचें, त्या घरच्या आईला स्वच्छतेची ही अट किती जड जात असेल, याचा विचार तालामोंच्या हिशेबांत कितपत होता कोण जाणे. तरीसुद्धां घरभाड्याच्या व्यवहारांतून एक बालशाळा उभी राहिली, हें खरें. आज माँटेसरींच्या नांवाची पाटी लावलेल्या शाळा गांवोगांवीं दिसतात. त्यांतील पुष्कळांच्या फीचा आंकडा ऐकून सामान्य मनुष्य माघारा फिरतो. ही पद्धति चाळीच्या जिन्यावर जन्मास आली, याची आठवण तेथें फारशी कोणी काढीत नाहीं.

फ्रान्सविषयीं फारसें सांगण्यासारखें नाहीं, आणि हेंच तेथील व्यवस्थेचें भूषण आहे. १६ जून १८८१ च्या कायद्यानें सार्वजनिक प्राथमिक शाळांबरोबरच लहान मुलांच्या सार्वजनिक शाळाही तेथें निःशुल्क झाल्या. पुढें २०१९ पासून तिसऱ्या वर्षापासूनचें शिक्षण सक्तीचेंही करण्यांत आलें. पण तोंवर बहुतेक सर्व मुलें आपण होऊनच शाळेंत जात होतीं. फुकट आणि सर्वांस खुली असलेली शाळा घराजवळ असली, म्हणजे सक्तीला करण्यासारखें थोडेंच उरतें.

अमेरिकेंत हा प्रश्न युद्धानें सोडविला, आणि युद्ध संपतांच पुन्हां होता तसा झाला. दुसऱ्या महायुद्धांत पुरुष सैन्यांत गेले. विमानांच्या व जहाजांच्या कारखान्यांत स्त्रियांची गरज पडली. तेव्हां लॅनहॅम यांच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या कायद्याखालीं संयुक्त सरकारनें बालसंगोपन-केंद्रांना पैसा पुरविला. १९४४ च्या उन्हाळ्यांत अशीं तीन हजारांवर केंद्रें चालूं होतीं आणि त्यांत सव्वा लाखाहून अधिक मुलें होतीं. आईनें दिवसाला पन्नास सेंट द्यावयाचे. पुढें ते पाऊणशें झाले. बाकीचा भार सरकारचा. घरची मिळकत किती, अशी चौकशी नसे. मदत मिळवावयाची म्हणून दारिद्र्याचा दाखला आणावा लागत नसे. माझ्या मतें या योजनेचा हाच सर्वांत मोठा गुण होता. परंतु मूल शिकावें म्हणून हा पैसा निघालाच नव्हता, तो विमानें निघावींत म्हणून निघाला होता. १९४६ च्या आरंभींच संयुक्त सरकारचा पैसा थांबला आणि बहुतेक केंद्रें बंद पडलीं. कॅलिफोर्निया संस्थानांत मात्र आयांनीं गिल्ला केला, व तेथील केंद्रें संस्थानाच्या तिजोरींतून चालूं राहिलीं.

आतां इंग्लंडकडे वळूं. तेथें १९९६ सालीं एक निराळीच युक्ति निघाली. शाळेला पैसे न देतां ते पालकाच्या हातीं कागदाच्या रूपानें द्यावयाचे; एक प्रकारची सरकारी हुंडीच म्हणा ना. चार वर्षांच्या प्रत्येक मुलामागें ११०० पौंडांची ही हुंडी. ती पालकानें हव्या त्या बालशाळेंत नेऊन वटवावी. प्रथम नॉरफोक परगण्यांत व लंडनमधील तीन भागांत तिचा प्रयोग झाला, आणि एप्रिल १९९७ पासून ती सर्व इंग्लंडभर लागू झाली. पालकाला निवड करतां येईल व शाळाशाळांत चढाओढ लागून त्या सुधारतील, ही कल्पना. प्रत्यक्षांत घडलें तें असें. खासगी शाळेची पूर्ण वेळाची फी ११०० पौंडांत भागत नसे, म्हणून वरची भर ज्यांना घालतां येई त्यांनाच ती निवड खरी. ज्यांना येत नसे त्यांच्यापुढें सरकारी प्राथमिक शाळा हीच वाट उरे. या शाळांना हुंडीचे पैसे हवेच होते. त्यांनीं चार वर्षांचीं मुलें आपल्या सर्वांत खालच्या वर्गांत ओढलीं, आणि आयांनीं मिळून चालविलेले खेळगट ओस पडूं लागले. मे १९९७ मध्यें सरकार बदललें आणि त्याच वर्षीं ही योजना गुंडाळण्यांत आली. त्यानंतर चार वर्षांच्या मुलांसाठीं १९९८ पासून व तीन वर्षांच्या मुलांसाठीं २००४ पासून अर्धवेळ जागाच फुकट करण्यांत आल्या. कागद देण्यापेक्षां जागा देणें बरें, हें कळावयास त्या श्रीमंत देशालाही एक वर्ष आणि बराच पैसा खर्चावा लागला.

आपल्याकडील कथा भावनगरपासून सुरू होते. तेथें दक्षिणामूर्ति संस्थेंत गिजुभाई बधेका यांनीं १९२० सालीं बालमंदिर काढलें. १९२३ सालीं ताराबाई मोडक त्यांना जाऊन मिळाल्या, आणि १९२६ सालीं नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. १९३६ सालीं ताराबाईंनीं मुंबईंत दादरला शिशुविहार सुरू केला. या संस्था नांवारूपास आल्या; परंतु तेथें येणारीं मुलें प्रायः मध्यम वर्गाचीं. ज्यांना बालशिक्षणाची खरी गरज, तीं मुलें या दारापर्यंत येत नाहींत, ही गोष्ट ताराबाईंच्या मनाला लागून राहिली. पन्नाशी उलटलेल्या या बाईंनीं १९४५ सालीं मुंबई सोडली आणि त्या वेळच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी या गांवीं ग्राम बाल शिक्षा केंद्र उघडलें. अनुताई वाघ त्यांच्या मदतीस आल्या त्या जन्मभरासाठींच.

बोर्डीला एक गोष्ट त्यांच्या ध्यानांत आली. फी माफ केली म्हणून मूल शाळेंत येतेंच असें नाहीं. गरिबाच्या घरीं चार-पांच वर्षांची पोर धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बसलेली असते. ती शाळेंत गेली तर आईची मजुरी बुडते. हाच तिचा खरा शाळाखर्च, आणि तो कोणत्याही शाळेच्या पावतीपुस्तकांत लिहिलेला नसतो. शिवाय अस्पृश्य मानलेल्या वस्तींतील मुलें गांवांतल्या बालवाडींत येण्यास बिचकत. मूल शाळेकडे येत नाहीं तर शाळेनें मुलाकडे जावें, असें ठरवून या बायांनीं वस्तींतील अंगणांतच बालवाडी भरविली, तीच अंगणवाडी. मुलांना धुवावें, त्यांचीं नखें कापावींत, आणि मग गाणीं-गोष्टी. माँटेसरींचीं महाग साधनें परवडण्याजोगीं नव्हतीं. तेव्हां शिंपले, बिया, पानें, माती, बांबू यांचीं साधनें झालीं. १९५७ सालीं हें केंद्र जवळच कोसबाडच्या टेकडीवर गेलें. तेथें वारली मुलांसाठीं पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक वर्ग एकाच ठिकाणीं ठेवून त्याला विकासवाडी हें नांव दिलें, म्हणजे थोरलीला धाकट्यासाठीं घरीं बसावें लागूं नये. गुरें राखणाऱ्या पोरांसाठीं तर कुरणावरच शाळा नेली. मी पुष्कळ वर्षें पहिलीचा वर्ग शिकविला आहे. बालवाडींतून आलेलें मूल पहिल्या दिवशींच ओळखूं येई, कारण तें दाराकडे पाहून रडत नसे. म्हणून कोसबाडच्या या खटाटोपाचें मोल मला विशेष वाटतें.

२ ऑक्टोबर १९७५ रोजीं केंद्र सरकारनें देशांतील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास योजना सुरू केली. तिचीं केंद्रें अंगणवाडी याच नांवानें ओळखलीं जातात. मूल येथें फुकट शिकतें व जेवतें. परंतु येथेंही खर्च कोणी तरी सोसतेंच. अंगणवाडी-सेविकेला पगार म्हणून नव्हे, मानधन म्हणून पैसे मिळतात. ग्रॅच्युइटीचा कायदा तिला लागू आहे, हें ठरण्यासाठीं एप्रिल २०२२ मध्यें सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला.

दुसऱ्या बाजूला, फी भरणाऱ्या पालकांनाही सरकार मदत करतें, हें अनेकांच्या ध्यानीं नसतें. जुन्या करपद्धतींत दोन मुलांच्या शाळेच्या फीवर जी वजावट मिळते, तींत बालवर्गाची फीही धरतात. केंद्र सरकारच्या नोकरांना मुलांच्या शिक्षणासाठीं भत्ता आहे. १ जुलै २०१७ पासून तो दर मुलामागें दरमहा २,२५० रुपये झाला आणि पुढें वाढला. पहिलीच्या आधींचे दोन वर्गही त्यांत येतात. या सवलती वाईट आहेत असें मी म्हणत नाहीं. पण कर भरण्याइतकी मिळकत ज्याची नाहीं आणि ज्याला सरकारी नोकरी नाहीं, त्या हमालाच्या किंवा धुणीं-भांडीं करणाऱ्या बाईच्या मुलाला त्यांतून दमडीही मिळत नाहीं.

अशा मुलांसाठीं २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें एक दार उघडलें. विनाअनुदानित खासगी शाळेनें आपल्या पहिल्या वर्गांत पंचवीस टक्के जागा दुर्बल व वंचित घरच्या मुलांना फुकट द्याव्यात, आणि शाळेंत बालवर्ग असेल तर त्या वर्गापासूनच द्याव्यात, असें बाराव्या कलमांत आहे. त्याबद्दल सरकारनें शाळेला भरपाई द्यावयाची. परंतु बालवर्गाची भरपाई सरकारकडे मागतां येते कीं नाहीं, यावरून महाराष्ट्रांत शाळा आणि सरकार यांच्यांत तंटा माजला आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलें.

तंट्याचें मूळ शोधावयाचें तर घटनेकडे जावें लागतें. १९४४ च्या सार्जंट अहवालानें तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठीं दहा लाख जागा मागितल्या होत्या, आणि हें शिक्षण सर्वत्र फुकट असावें असें स्पष्ट म्हटलें होतें. १९५० च्या घटनेंतील ४५ वें कलम चौदा वर्षें पुरीं होईपर्यंत सर्व मुलांस मोफत शिक्षण, असें सांगत होतें. त्यांत खालची वयोमर्यादाच नव्हती. २००२ सालीं शहाऐंशीवी दुरुस्ती झाली. सहा ते चौदा या वयाचें शिक्षण मूलभूत हक्क ठरलें, याचा आनंद मानावयाचा. परंतु त्याच दुरुस्तीनें सहा वर्षांखालील मूल हक्काच्या कुंपणाबाहेर राहिलें, आणि ४५ व्या कलमांत राज्य त्याच्यासाठीं "प्रयत्न करील" एवढेंच उरलें. शिक्षणहक्क कायद्याचें अकरावें कलम नेमकें याच मुलांविषयीं आहे. तीन वर्षांवरील मुलांना पहिलीसाठीं तयार करण्याकरितां आणि सहा वर्षांखालील सर्वांच्या शिक्षणाकरितां सरकार आवश्यक ती मोफत व्यवस्था करूं शकेल, असें तें सांगतें. बाराव्या कलमांत शाळांना उद्देशून "देईल" असें आहे. अकराव्यांत सरकारला उद्देशून "करूं शकेल" असें आहे.