पहिल्या ऐकणाऱ्याचा विषय

लैंगिक अत्याचार झालेली विद्यार्थिनी पोलिसांकडे किंवा समुपदेशकाकडे जाण्याआधी बहुतेकदा मैत्रिणीशी बोलते. कधी रूममेटशी, कधी विश्वासातल्या एखाद्या मॅडमशी. म्हणजे हा विषय तज्ज्ञांचा असला तरी त्यातलं पहिलं काम विषयाचा गंधही नसलेल्या माणसावर येऊन पडतं. मानसशास्त्र, न्यायवैद्यक, कायदा, समाजकार्य, यांपैकी कुठल्याही वाटेनं इथे येणाऱ्या नव्या अभ्यासकाचं स्वागत करताना हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

बॉस्टनमधल्या रुग्णालयात अशा स्त्रियांशी बोलून अ‍ॅन बर्जेस आणि लिंडा होमस्ट्रॉम यांनी 1974 साली आपली निरीक्षणं प्रसिद्ध केली. काही जणी रडत होत्या, थरथरत होत्या. काही मात्र अगदी शांत, जणू काही घडलंच नाही. स्टॉकहोममध्ये 298 स्त्रियांच्या अभ्यासात सुमारे 70 टक्के जणींनी अत्याचाराच्या वेळी शरीर लक्षणीय प्रमाणात थिजल्याचं सांगितलं. तो 2017 साली प्रसिद्ध झाला. आपल्याकडे हे कळायला मोठी किंमत मोजावी लागली. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात 1972 साली मथुरा नावाच्या मुलीवर झालेल्या बलात्काराच्या प्रकरणात अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराची खूण नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयानं आरोपींना सोडलं. त्यावर 1979 साली जाहीर पत्र लिहिलं ते कायद्याच्या चार अध्यापकांनी: उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर. पुढे आंदोलन उभं राहिलं आणि 1983 साली कायदा बदलला.

अत्याचारानंतरच्या पहिल्या दिवसांत शरीराच्या मुदती कडक असतात. एचआयव्ही टाळणारं औषध 72 तासांच्या आत सुरू व्हावं लागतं आणि 28 दिवस घ्यावं लागतं. गर्भनिरोधक गोळी जितकी लवकर तितकी चांगली. पाच दिवसांनंतर तिचा भरवसा नाही. शरीरावरचे नमुने साधारण 96 तासांपर्यंत घेतले जातात. होस्टेलमध्ये मैत्रीण मायेनं म्हणते, “आधी अंघोळ कर, बरं वाटेल,” आणि कपडे बादलीत भिजवते. ते न धुता कागदी पिशवीत ठेवायला हवेत. प्लास्टिकमध्ये ओल धरून बुरशी येते. अर्थात अंघोळ झाली असली तरी दवाखान्यात जावंच. सरकारी असो वा खासगी, कुठल्याही रुग्णालयानं प्रथमोपचार किंवा उपचार मोफत आणि लगेच देणं कायद्यानं बंधनकारक आहे. एफआयआर आधी आणा म्हणून कुणी अडवू शकत नाही.

मनाला मात्र अशी मुदत घालता येत नाही, आणि इथेच सद्हेतूचा घोळ होतो. सारा उलमन यांचं संशोधन सांगतं की दोष देणाऱ्या प्रतिक्रियांमुळे पुढचा त्रास वाढतो. “तू तिथे गेलीसच कशाला?” हे वाक्य वर्षानुवर्षं टोचत राहतं. पण माझ्या मते त्याहून अवघड प्रकरण म्हणजे काळजीपोटी परस्पर तिच्या वडिलांना फोन लावणारा रेक्टर. जिच्या मर्जीविरुद्ध सगळं घडलं, तिच्यासाठी पुढचा निर्णयही दुसराच घेतो. फोन कुणाला करायचा, सोबत कोण येणार, तपासणीला होकार की नकार, हे तिला विचारायचं. खोदून खोदून सगळं वदवून घेण्याची गरज नसते.

याला एक अपवाद आहे आणि महाराष्ट्रात तो वारंवार समोर येतो. ज्युनिअर कॉलेजमधल्या बहुतेक मुली अठराच्या आतल्या असतात. तिथे पोक्सो हा बालकांच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा लागू होतो आणि माहिती मिळालेल्यानं पोलिसांना कळवावंच लागतं. तेव्हा “कुणालाही सांगणार नाही” असा शब्द देऊन मग मोडण्यापेक्षा ही अडचण बोलणं सुरू होतानाच तिला सांगावी.

राहिला कॉलेजचा कारभार. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2015च्या नियमांनुसार अंतर्गत समितीकडे साधारणपणे तीन महिन्यांत तक्रार करायची असते. चौकशी चालू असताना दोघांपैकी कुणाचाही वर्ग बदलता येतो, तक्रारदाराला रजा देता येते, आरोपी शिक्षक असेल तर तिचे पेपर तपासण्यापासून त्याला रोखता येतं. प्रत्यक्षात तुकडी बहुधा मुलीचीच बदलते, कदाचित तिची समजूत काढणं सोपं जातं म्हणून. असं का होतं, यावर अजून पुरेसा अभ्यास व्हायचा आहे.