वारंवार होणारा बुरशीसंसर्ग आणि प्रतिकारशक्ती

योनिमार्गात खाज, जळजळ आणि दह्यासारखा घट्ट पांढरा स्राव ही कॅन्डिडा या बुरशीच्या संसर्गाची परिचित लक्षणे. सुमारे ७५ टक्के स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो आणि उपचारांनी तो बराही होतो. काहींना मात्र तो वर्षातून तीन किंवा अधिक वेळा होतो. अशा वेळी 'प्रतिकारशक्ती कमी झाली आहे' असे हमखास ऐकावे लागते. बहुतेकींच्या बाबतीत ते खरे नसते.

कॅन्डिडा अनेक निरोगी स्त्रियांच्या योनिमार्गात कोणताही त्रास न देता वास्तव्य करते. एचआयव्हीबाधितांमध्ये सीडी-४ पेशी घटल्या की तोंडात ही बुरशी फोफावते. योनिमार्गातील संसर्गाचा या घटीशी तितका ठळक संबंध आढळत नाही. वारंवार त्रास होणाऱ्या बहुसंख्य स्त्रिया अन्यथा निरोगीच असतात.

मग बिघडते काय? अमेरिकेत २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्वयंसेवक स्त्रियांच्या योनिमार्गात जिवंत कॅन्डिडा सोडण्यात आली. ज्यांना त्रास झाला नाही, त्यांच्यात दाहही आढळला नाही. ज्यांना त्रास झाला, त्यांच्या स्रावात न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची गर्दी होती. या पेशी बुरशीचा नायनाट करू शकत नाहीत. उलट दाह वाढवितात. म्हणजेच येथे संरक्षण दुबळे नसून अतिउत्साही असते. बुरशी 'कॅन्डिडालायसिन' हे विष स्रवून या पेशींना चिथावते, हेही आता ज्ञात झाले आहे. बुरशी ओळखणाऱ्या 'डेक्टिन-१' या प्रथिनातील आनुवंशिक दोष २००९ मध्ये एका डच कुटुंबात आढळला. पण असे दोष थोड्याच रुग्णांत असतात.

त्यामुळे 'शक्तिवर्धक' औषधांवर खर्च करण्यापेक्षा निदान पक्के करावे. स्रावाची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी व कल्चर, तसेच रक्तातील साखरेची तपासणी करून घ्यावी. अनियंत्रित मधुमेह, प्रतिजैविके, स्टेरॉइड्स आणि गर्भावस्था यांमुळे बुरशी वाढू शकते. ग्लाब्राटा या जातीवर नेहमीची औषधे अनेकदा लागू पडत नाहीत.

सुरुवातीच्या उपचारांनंतर सहा महिने आठवड्यातून एकदा फ्लुकोनॅझोलची गोळी देतात. गर्भवतींनी ती टाळावी. औषध थांबल्यावर अनेकींना त्रास पुन्हा उद्भवतो. तो अस्वच्छतेचा पुरावा नव्हे. म्हणून संकोच न करता स्त्रीरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.