चितारआळीचा हिशेब

दिवाळीच्या सुट्टीत भाच्या-पुतण्या जमल्या की माळ्यावरचा भातुकलीचा डबा खाली येतोच. त्यातला लाल-पिवळा पोळपाट, बोटभर लाटणे, इवलेसे जाते, आणि परडीतले ते फसवे सीताफळ! हे सारे बहुधा सावंतवाडीचे असते. तेथील चितारआळीत चितारी मंडळींची घरे आणि दुकाने एकमेकांना लागून आहेत. किंबहुना घर कोठे संपते आणि कारखाना कोठे सुरू होतो, हे नवख्याला सांगता येणार नाही. ह्या धंद्याचे बळ त्यातच होते, आणि अडचणही.

तिसऱ्या खेम सावंतांच्या कारकिर्दीत (१७५५–१८०३) धर्मशास्त्राच्या चर्चेसाठी तेलंगणातून पंडित आले, त्यांच्याबरोबर गंजिफा आल्या आणि येथील चिताऱ्यांनी ती कला उचलली, असे सांगतात. १९०८ सालच्या इंपीरियल गॅझेटियरात वाडीच्या कारागिरीत गंजिफा आणि लाखेच्या रंगाची खेळणी ह्यांची नोंद आहे. दरबार आश्रयदाता होता. तो घासाघीस करीत नव्हता.

लाकडाचे मात्र कौतुक केले पाहिजे. ही खेळणी मुख्यत्वे पांगऱ्याची. पांगरा हलका, मऊ आणि झपाट्याने वाढणारा. पावसाच्या तोंडावर त्याची फांदी बांधावर रोवली की ती फुटते. म्हणून कोकणात कुंपणाला आणि मिरवेलीच्या आधाराला तो लावतात. सागासाठी पिढी थांबावे लागते, पांगऱ्यासाठी नाही. शिवाय १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत साग, आंबा, फणस आहेत. त्यांना हात लावायचा तर परवानगी हवी. कारागिराने बांधावरचे झाड निवडले, ह्यात गरिबीची सोय होती तशी शहाणपणाची दृष्टीही होती.

परंतु मऊ लाकूड म्हणजे ओले लाकूड. ते नीट वाळले नाही तर चिरते, काळे पडते, त्याला कीड लागते. आणि वाळवायचे कोठे? सावंतवाडीत वर्षाला ३,००० मिलिमीटरांच्या वर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. हवेत ओल असली की लाकूड सुकत नाही आणि रंगाचा हातही वाळत नाही. म्हणजे उन्हाळ्यात लाकूड घेऊन ठेवायचे, पैसा त्यात अडकवायचा आणि गणपती-दिवाळीच्या गिऱ्हाइकाची वाट पाहायची. मोठा व्यापारी हे सहज करतो. घरातल्या घरात धंदा करणाऱ्याला त्यासाठी उसनवारी करावी लागते.

१९४८ साली संस्थान विलीन झाले. पुढे प्लॅस्टिक आले. साच्यातून निघणाऱ्या बाहुलीला ना वाळवण, ना पॉलिश. तिच्या किमतीशी चितारी टिकला कसा? माझ्या मते उत्तर साधे आहे: घरच्यांची मजुरी त्याने किमतीत धरलीच नाही. एकाने कातायचे, दुसऱ्याने घासायचे, बायकांनी स्वयंपाक उरकून रंग भरायचे, मुलांनी शाळेतून आल्यावर डबे पुसायचे. ह्यांतल्या कोणाचाच रोज वहीत मांडला जात नसे. खेळणे स्वस्त पडे ते त्यामुळे. मुलगा शिकून पणजीला वा मुंबईला नोकरीला लागला की त्याच्या जागी पगारी माणूस ठेवावा लागतो, आणि मग पोळपाटाची खरी किंमत पहिल्यांदाच कळते. गिऱ्हाईक म्हणते, “एवढ्याशा लाकडाला इतके?” त्याचेही चुकत नाही; इतकी वर्षे त्याला खोटीच किंमत सांगितली गेली होती.

गंजिफांची गोष्ट थोडी निराळी. छापील पत्त्यांपुढे त्या जवळजवळ संपल्या होत्या. १९७० च्या दशकाच्या आरंभी शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी ह्यांनी राजवाड्यातच कारागीर बसवून ती कला पुन्हा उभी केली. दशावतारी गंजिफांच्या संचात १२० पाने, प्रत्येक हाताने रंगवलेले. हा संच घेणारा तो खेळायला घेत नाही, जपायला घेतो. म्हणून त्याला वेळेचे मोल देणे जड जात नाही. भातुकलीला हे भाग्य नाही. ती मुलांच्या हातात जायची, आपटायची, हरवायची. तिचा दर आईबापांच्या खिशाला परवडलाच पाहिजे.

२०२४ साली सावंतवाडीच्या गंजिफांना आणि लाकडी खेळण्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. नावाची चोरी करणाऱ्याला आता कायद्याने अडवता येते. आईने रंगवलेल्या सीताफळाची मजुरी मात्र चिताऱ्याला स्वतःच ठरवायची आहे, आणि ती ऐकून पुढे सरकणारे गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवर उभेच आहे.