‘फक्त’ या शब्दाची कुळकथा



इंग्रज ज्या ठिकाणी ‘ओन्ली’ म्हणतो, तेथे आपण ‘फक्त’ म्हणतो. ‘ओन्ली’च्या मुळाशी ‘एक’ आहे, ‘फक्त’च्या मुळाशी ‘पुरे’. मूळ अरबी शब्द ‘फकत’, म्हणजे ‘बस्स, एवढेच’. फारसीच्या वाटेने तो मराठीत आला. उर्दू पत्राच्या अखेरीस ‘फकत’ लिहिण्याची चाल होती. मजकूर येथे संपला, असा त्याचा अर्थ.

शिवकाळातील राज्यव्यवहारकोशाने दरबारी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. ‘केवळ’, ‘मात्र’ तर आपल्याजवळ होतेच. तरीही ‘फक्त’ टिकला. आपल्या नांदेड-लातूरकडे निजामाची राजवट १९४८ साली संपली, पण तिच्या दफ्तरातला हा शब्द आजही आपल्या पावत्यांवर आहे.

त्याची जागा बदलली की काम बदलते. ‘फक्त पन्नास रुपये दिले’ ही तक्रार झाली. ‘रुपये पन्नास फक्त’ हे कुलूप झाले. पन्नासापुढे मागाहून कोणी ‘हजार’ जोडू नये, म्हणून ते घालायचे. मोंढ्यातल्या हमालाने, ऊसतोडीला निघालेल्या मजुराने उचलीच्या कागदावर अंगठा देण्यापूर्वी हे वाचून घ्यावे. रकमेची जागाच कोरी असेल, तर पुढचा ‘फक्त’ कोणाचेही रक्षण करीत नाही.