भंडारा जिल्ह्यातील स्त्रिया व रुबेला-प्रतिकारशक्ती : एक कालक्रमविचार

एखाद्या जिल्ह्यातील प्रजननक्षम वयाच्या स्त्रियांत रुबेलाविरुद्ध प्रतिकारशक्ती कितपत आहे, हा प्रश्न वरवर पाहता वैद्यकाचा आहे. तथापि त्याचे उत्तर बव्हंशी इतिहासात सापडते. स्त्रीचा जन्म कोणत्या वर्षी झाला, बालपणी तिला कोणती लस मिळाली आणि त्या काळी रोगाचा संचार कितपत होता, या तीन गोष्टींवर तिचे संरक्षण अवलंबून असते. भंडारा जिल्ह्यापुरता हा कालक्रम मांडणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

रुबेला हे नाव भारतातील एका साथीशी निगडित आहे. येथील साथीचे वर्णन करताना रॉयल आर्टिलरीतील शल्यवैद्य हेन्री व्हील यांनी १८६६ मध्ये ते सुचविले. पुढे पाऊणशे वर्षे हा रोग क्षुल्लकच मानला गेला. मंद ज्वर, दोन-तीन दिवसांचा पुरळ, मानेमागे गाठी आणि पुष्कळांच्या बाबतीत तेवढेही नाही. १९४१ मध्ये सिडनीचे नेत्रवैद्य नॉर्मन ग्रेग यांनी जन्मजात मोतीबिंदू असलेल्या ७८ अर्भकांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांपैकी बहुतेकांच्या मातांना गर्भारपणाच्या आरंभी हाच रोग झाला होता. पहिल्या तीन महिन्यांत मातेला संसर्ग झाल्यास गर्भाला बाधा होण्याचा संभव ९० टक्क्यांपर्यंत असतो, आणि मोतीबिंदू, बधिरता व हृदयदोष ही तिची प्रमुख फळे होत, हे आता सर्वमान्य आहे.

रुबेलाचा विषाणू १९६२ मध्ये वेगळा करण्यात आला आणि १९६९ मध्ये अमेरिकेत लसीला मान्यता मिळाली. भारतात १९८५ मध्ये सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला. त्यात गोवराची लस होती, रुबेलाची नव्हती. येथेच नामसादृश्याने घोटाळा होतो. रुबेलाला 'जर्मन गोवर' म्हणत असले, तरी दोहोंचे विषाणू सर्वस्वी भिन्न आहेत. ''मुलीला गोवराची लस टोचली आहे'' हे आईचे सांगणे अक्षरशः खरे असूनही रुबेलाबाबत त्याचा काही उपयोग नाही. ज्या थोड्या मुलींना खाजगी दवाखान्यांतून गोवर, गालगुंड व रुबेला यांची संयुक्त लस मिळाली, त्या वगळता त्या काळातील मुलींचे संरक्षण केवळ नैसर्गिक संसर्गावर अवलंबून राहिले.

महाराष्ट्रात गोवर-रुबेला मोहीम २७ नोव्हेंबर २०१८ रोजी सुरू झाली. ९ महिने पूर्ण झालेल्या व १५ वर्षांखालील मुलामुलींना ती लागू होती; त्यानंतर ही लस नियमित कार्यक्रमात आली. यावरून एक स्पष्ट सीमारेषा मिळते. सुमारे २००३ च्या अखेरीनंतर जन्मलेली मुलगी मोहिमेच्या कक्षेत येते. तिची थोरली बहीण येत नाही. एकाच घरातील दोघींचे संरक्षण अशा रीतीने दोन भिन्न इतिहासांचे फलित ठरते.

थोरल्या बहिणीची स्थिती अधिक नाजूक का, हे ग्रीसच्या उदाहरणावरून कळते. तेथे १९७५ च्या सुमारास बालकांना लस देणे सुरू झाले, परंतु तिचा प्रसार दीर्घकाळ अपुरा राहिला. विषाणूचा संचार मंदावला, तो थांबला मात्र नाही. परिणामी अनेक मुली बालपणी संसर्गावाचून राहून तशाच तरुण झाल्या, आणि १९९३ च्या साथीनंतर जन्मजात रुबेलाची बालके जन्मास आली. अर्थात बालकांचे लसीकरण अर्धवट राहिले, तर त्याचा भार गर्भवतींवर पडतो; ते उच्च प्रमाणात टिकले, तर लस न मिळालेल्या स्त्रियांनाही त्याचे छत्र लाभते.

भंडाऱ्याच्या अभ्यासकाने आणखी दोन गोष्टी ध्यानी घ्याव्यात. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला. तत्पूर्वीच्या नोंदींतील 'भंडारा' आजच्या भंडाऱ्याहून बराच विस्तृत आहे. दुसरे असे की, प्रतिकारशक्ती माहेरची असते आणि गर्भारपणाची नोंद सहसा सासरी होते. बालाघाटकडून तुमसर तालुक्यात आलेल्या सुनेची लसीकरणाची हकीकत तिच्या जन्मगावच्या दप्तरात राहते.

म्हणून केवळ जिल्ह्याची सरासरी काढून भागणार नाही. जन्मवर्ष व जन्मस्थान यांनुसार गट पाडून रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी करावी लागेल. ही तपासणी विवाहानंतर, पण गर्भधारणेपूर्वी होणे इष्ट. कारण लस जिवंत विषाणूची असल्याने गर्भारपणी देता येत नाही आणि ती घेतल्यावर महिनाभर गर्भधारणा टाळावी लागते. गर्भारपणी उणीव आढळलेल्या स्त्रीला प्रसूतीनंतर ती देता येते. तिच्या पहिल्या अपत्यासाठी तो उपाय उशिराचा असतो. पुढच्या अपत्यासाठी नसतो.